मदत हवी आहे: जुन्या टर्नटेबलची पॉवर कॉर्ड बदलायचीय

घुमट७८: मंडळी, टर्नटेबलची (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राची) कॉर्ड बदलायचीय, कोणती घेऊ पटकन सांगा. जुनी वायर पार कडक झालीय, वाकवली की वरचं रबर गळून पडतं. दुकानदार म्हणतो जाड इम्पोर्टेड कॉर्ड घ्या, आवाज खुलेल, पण किंमत ऐकून परत आलो. रविवारी चार जण ऐकायला येणार आहेत, त्याआधी काम व्हायला हवं.

विनू_ठाणे: अहो कुठलं टर्नटेबल? बॉडी मेटलची का लाकडी? वायर टू कोअर (आत दोन तारा) का थ्री कोअर (तीन तारा)? काहीच सांगितलं नाहीत.

झंकार: मी शील्डेड (वरून धातूचं आवरण असलेली) तांब्याची कॉर्ड लावली, बॅकग्राउंड एकदम शांत झालं, भीमसेनजींचा खर्ज काय भरून येतो आता! पैशाकडे बघू नका, घ्याच.

वायरमनकाका: काहीतरीच. टर्नटेबलची मोटर जेमतेम १५-२० वॅटची, २३० व्होल्टला ०.१ अँपिअरसुद्धा ओढत नाही. ०.७५ स्क्वेअर एमएमची साधी आयएसआय मार्क वायर भरपूर झाली. भिंतीच्या आत साधीच तार आहे ना, मग शेवटच्या दीड मीटरने आवाज कसा खुलेल?

झंकार: काका, माझ्या कानांनी ऐकलंय.

वायरमनकाका: जुनी वायर सैल असेल, नवीन घट्ट बसली, फरक त्याचा.



घुमट७८: गॅरार्ड ४०१ आहे, आजोबांचं. वायर टू कोअर. आणि हो, टोनआर्मला (सुईच्या दांड्याला) हात लावला की हम, म्हणजे स्पीकरमधली गुणगुण, बदलतो आणि चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) हात लावला की मुंग्या येतात, पण ते नंतर बघू, आधी कॉर्डचं सांगा.

वायरमनकाका: नंतर काय, हेच आधी! प्लग काढून ठेवा. धातूची बॉडी आणि अर्थिंग नाही, जुनं इन्सुलेशन गेलंय, करंट चेसिसवर येतोय. थ्री कोअरच घ्या: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अर्थ चेसिसला रंग खरवडून स्क्रूखाली घट्ट आवळा आणि वायर भोकातून जाते तिथे क्लॅम्प लावा, ओढली तर जोड सुटायला नको. स्विचवरचा जुना कपॅसिटरही बदला, एक्स२ वर्गाचा, म्हणजे थेट मेन्सच्या विजेवर लावायला बनवलेला.

विनू_ठाणे: आणि टोनआर्मची बारीक अर्थ वायर वेगळी, ती थेट रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला. चेसिसलाही जोडलीत तर अर्थला दोन वाटा मिळून लूप होईल आणि हम वाढेल. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं, त्यात थोडीशी गुणगुण आली तरी स्पीकरमधून ऐकू येते.

न्यूजर्सीकर: इकडे वीज ६० हर्ट्झची, मोटरचा वेग त्यावरच ठरतो, म्हणून भारतातून आणलेलं ४०१ ट्रान्सफॉर्मरवर लावलं तर मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या जागी ४० ने फिरायला लागलं! पुली बदलली तेव्हा सूर जागेवर आला.

विनू_ठाणे: घुमट७८ कोथरूडला असतील तर याचा काय उपयोग? पुण्यात ५० हर्ट्झच.

घुमट७८: पुण्यातच आहे, पेठेत. प्लग काढला. पण वाडा जुना आहे, सॉकेटला तिसरं भोक आहे, आत अर्थची तार आहे का कुणास ठाऊक.

वायरमनकाका: मग आधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या, अर्थ खरीच येते का बघू दे. नसेल तर थ्री कोअर लावूनही मुंग्या जाणार नाहीत. रविवार पुढे ढकला.

घुमट७८: उद्या बोलावतो. कपॅसिटर तपकीर गल्लीत (इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) मिळेल का?

विनू_ठाणे: मिळायला हवा. अंगावर एक्स२ आणि २७५ व्होल्ट एसी छापलेला चौकोनी बघून घ्या, पंख्याचा साधा दिला तर घेऊ नका.