मदत हवी आहे : ‘कच्चा लिंबू’ राहिलेल्या मुलाला खेळात राज्य कसे मिळेल?

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून स्पीच थेरपी व ऑक्युपेशनल थेरपी नियमित सुरू आहे. तो दोन-तीन शब्दांची वाक्ये स्वतःहून बोलतो; बाकीचे बोलणे बहुतेक वेळा कुठेतरी ऐकलेल्या वाक्यांची पुनरुक्ती असते.

आम्ही नाशिकला राहतो. इमारतीच्या आवारात संध्याकाळी मुले पकडापकडी, विषामृत, लपंडाव असे खेळ खेळतात. मुले मनाने चांगली आहेत आणि त्यांनी याला पहिल्यापासून खेळात घेतले आहे, पण कच्चा लिंबू म्हणून. तो सगळ्यांबरोबर धावतो, ओरडतो, मात्र पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. तो लहान असताना यात काही वावगे वाटले नाही, कारण धाकटी मुले सगळीच या पायरीवरून पुढे जातात. आता त्याच्याहून लहान असलेली शेजारची मुलगी भांडून राज्य घेऊ लागली आहे आणि हा अजून तिथेच आहे. त्याला पकडण्यात कुणाला गंमत उरलेली नाही, म्हणून हल्ली तो खेळ सोडून कुंपणाच्या भिंतीकडेने एकटाच पळत राहतो.

थेरपीत ‘माझी पाळी, तुझी पाळी’ त्याला उत्तम जमते. पण तिथे समोर एकच मोठे माणूस असते, ते थांबून राहते आणि पाळी कुणाची हे टेबलावरच्या ठोकळ्यांवरून दिसते. आवारात राज्य कुणावर आहे हे दिसत नाही, ते ओळखावे लागते.

दुसरी गोष्ट अशी, की मुलांना खेळायला बोलवायचे असले की तो त्यांच्यासमोर उभा राहून लिफ्टमधले ‘कृपया दरवाजा बंद कीजिए’ हे वाक्य अगदी त्याच सुरात म्हणतो. मुले लिफ्टने खाली येतात, त्यामुळे त्याच्या लेखी हेच आमंत्रण असावे. जुन्या मुलांना ते कळते, नव्यांना हसू येते. हे वाक्य बदलावे की राहू द्यावे? खेळात मी किती वेळ सोबत असावे आणि कधी बाजूला व्हावे? इतर मुलांना काय सांगावे?

एक विनंती आहे. पाहुण्यांना नमस्कार करायला लावणे किंवा डोळ्यांत पाहून बोलायला लावणे, असे सल्ले आम्हाला पुष्कळ मिळाले आहेत. त्याने मोठ्यांचे समाधान होते, मुलाला सवंगडी मिळत नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रतिसाद १

मी विशेष शिक्षिका आहे. आपल्या मताशी सहमत आहे; नजरेला नजर देण्याची सक्ती अनेक स्वमग्न मुलांना त्रासदायक होते आणि त्या नादात ऐकण्याकडचे लक्षही जाते.

थेट राज्यापासून सुरुवात करू नये असे मला वाटते. राज्य घेणाऱ्याला पळणाऱ्या अनेकांतून एक निवडावा लागतो, आणि समोरच्यांची भीती लटकी आहे हेही समजावे लागते. आपण विषामृताचा उल्लेख केला आहे, तोच खेळ धरावा आणि त्याला आधी अमृत देण्याचे काम द्यावे. विष मिळालेले मूल एका जागी बसून त्याचीच वाट पाहत असते. याने जाऊन हात लावला आणि ‘अमृत’ हा एकच शब्द उच्चारला, की ते तत्काळ उठून पळते. आपण कुणाकडे गेलो तर काहीतरी घडते, हा अनुभव याहून सोप्या रीतीने क्वचितच मिळतो. हे घरी आजी-आजोबांबरोबर बसवून घ्यावे, मग दोन मुलांबरोबर खेळावे आणि त्यानंतरच आवारात न्यावे. राज्य कुणावर आहे ते दिसण्यासाठी राज्यवाल्याच्या मनगटाला भडक रंगाची पट्टी बांधावी.

घरी सरावाआधी चित्रांची एक छोटी गोष्ट वाचता येईल. अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली. तिच्यात ‘असे कर, तसे करू नको’ यापेक्षा काय घडते आणि का घडते याचे वर्णन अधिक असावे लागते.

लिफ्टचे वाक्य काढून टाकू नये. ते आमंत्रण आहे, त्यामुळे त्याच्या मागे ‘खेळू या?’ एवढे जोडून आपण स्वतः म्हणावे. कालांतराने तो ते उचलण्याची शक्यता असते. नव्या मुलांना त्या वाक्याचा अर्थ सरळ सांगून टाकावा. स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले, की संवाद तुटतो तो दोन्ही बाजूंनी. तेव्हा शिकण्याचे सगळे ओझे आपल्या मुलावर टाकण्याचे कारण नाही. निदानाचे नाव मुलांना सांगायचे की नाही हे आपण ठरवावे, परंतु ‘त्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, एकदा विचारून थांबा’ हे अवश्य सांगावे.

आपण सुरुवातीला त्याच्या शेजारी असावे, नंतर बाकावर, नंतर गॅलरीत. तो आपल्याकडे न पाहता मुलांकडे पाहून पळू लागला, की एक पाऊल मागे घ्यावे.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. अमृताचा विचार आम्हाला सुचलाच नव्हता. एक शंका आहे : त्याला स्वतःला विष मिळाले आणि तो बसलाच नाही, तर? एका जागी बसणे त्याला फार जड जाते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

बसण्याऐवजी खांबाला हात लावून उभे राहायचे, असा नियम करावा. मात्र तो सगळ्यांसाठी असावा, एकट्यासाठी केला तर कच्च्या लिंबाचीच नवी तऱ्हा होईल. आणि पहिले काही दिवस त्याला खांबाशी फार वेळ थांबावे लागू नये, म्हणून लगेच येऊन अमृत देण्याचे काम एखाद्या मोठ्या मुलाकडे सोपवून ठेवावे.