बॉल पायथनचं नाक खरचटलंय आणि पोटावर गुलाबी डाग, घरी काय करू?

हिरवी_गॅलरी (मुलुंड)

नमस्कार, माझ्याकडे दीड वर्षाचा बॉल पायथन (पाळीव परदेशी अजगर) आहे, मोती. आठ-दहा दिवस झाले, रात्रभर टाकीच्या झाकणाच्या जाळीला नाक घासत फिरतोय. आता नाकाच्या टोकाचा खवला निघालाय, आत लालसर दिसतंय आणि आज सकाळी कागदावर रक्ताचा एक बारीक ठिपका होता. त्यात काल पाणी बदलताना उचललं तर पोटाखाली शेपटीच्या जरा वर तीन खवले गुलाबी झालेत, जुन्या आठ आण्याएवढी जागा, आणि एका खवल्याखाली पाणी भरल्यासारखं टचटचीत दिसतंय. आई म्हणते हळद लाव. मी बीटाडीन आणून ठेवलंय पण किती आणि कसं लावायचं कळत नाहीये, हात लावायलाच भीती वाटतेय. शेवटचं खाऊन ११ दिवस झाले. टाकीखाली हीटिंग पॅड आहे, दुकानातून टाकीसोबतच मिळाला, तो २४ तास चालूच असतो. रात्री झोप लागली नाही, कोणीतरी सांगा प्लीज.

कात_टाकली

आधी तो पॅड बंद कर, मग पुढचं वाच.

मी १२ वर्षं बॉल पायथन पाळतोय आणि तू लिहिलंयस ते भाजल्यासारखंच वाटतंय. पॅडला थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला पॅड आपोआप बंद करणारं यंत्र) आहे का? नसणार, कारण दुकानवाले पॅड देतात, थर्मोस्टॅट देत नाहीत, मला पण दिला नव्हता. थर्मोस्टॅट नसला की पॅड तापतच राहतो, आणि साप पोटाखाली चटका बसला तरी उठून बाजूला होईलच असं नाही, तिथेच पडून राहतो आणि भाजतो. पॅडच्या सूचना थंड देशातल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पंखा चालू असून खोली ३३-३४ ला असते, तिथे त्याला खालून अजून शेक कशाला? याला गरम बाजूला ३१-३२ आणि थंड बाजूला २६-२७ पुरतं.

आणि माझ्या मते नाकाचं कारण पण तेच आहे. टाकीत थंड कोपराच उरला नाही तर तो बाहेर पडायचा रस्ता शोधणार, आणि वर जाळी. म्हणून नाकाला कितीही औषध लावलंस तरी टाकी दुरुस्त केल्याशिवाय तो घासायचा थांबणार नाही.

आता आजचं काम. टाकीतलं कोकोपीट (नारळाचा भुसा) सगळं काढ आणि साधा पांढरा टिश्यू पेपर अंथर, घाण झाला की लगेच बदल. बीटाडीन सोल्यूशन घे, ऑइंटमेंट नको. एक भाग बीटाडीन आणि दहा भाग उकळून कोमट केलेलं पाणी, रंग पातळ कोऱ्या चहासारखा आला पाहिजे. सुई काढलेल्या सिरिंजने किंवा गॉजने हळूच जखमेवर सोड, दिवसातून दोनदा. कापूस वापरू नकोस, धागे खवल्यांत अडकतात. नाकाला लावताना नाकपुड्यांत आणि तोंडात जाऊ देऊ नकोस, गॉजचं टोक ओलं करून फक्त टिपून घे. तो फुगलेला खवला अजिबात फोडायचा नाही, न फुटलेला खवला हेच सध्या जखमेचं झाकण आहे.

हळद नको रे, आईंना समजावून सांग. चिकटून बसते, खाली काय चाललंय ते दिसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, टी ट्री ऑइल यातलंही काही नको.

पाचवा_मजला (बोरिवली)

वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर घालते. भाजल्याची जखम पहिल्या दिवशी दिसते तेवढीच नसते, चार-पाच दिवसांनी शेजारचे खवले तपकिरी पडायला लागतात, माझ्या मुलीच्या सापाचं तसंच झालं होतं आणि आम्ही "कमी होतंय" म्हणून आठवडा घालवला, त्याचं अजून वाईट वाटतं. खवल्याखाली पाणी भरलंय म्हणजे डॉक्टरला दाखवायचंच. पण आधी फोन करून साप बघतात का ते विचारा, कुत्रा-मांजराचा प्रत्येक डॉक्टर बघत नाही. भाजल्यावर ते सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम देतात बरेचदा, पण मनाने आणून लावू नका. आणि ज्या क्रीममध्ये लिडोकेन किंवा बेंझोकेनसारखं वेदनाशामक असतं ते तर सापाला अजिबातच नको.

नेताना उशीच्या जुन्या सुती अभ्र्यात घालून तोंड बांधा, अभ्रा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. लोकलच्या गर्दीत नेऊ नका, रिक्षा किंवा टॅक्सी करा, एसीचा झोत डब्यावर येऊ देऊ नका.

वास यायला लागला, पू दिसला, डाग काळा पडला, तोंडात दह्यासारखं पांढरट दिसलं किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेतला तर त्याच दिवशी न्या. नाक घासून घासून तोंडात पण जंतुसंसर्ग शिरतो.

धामणवाट (ठाणे)

मी सर्पमित्र म्हणून काम करतो. मोतीबद्दल वर सगळं आलंय, पण इथे पुष्कळ लोक वाचतात म्हणून लिहितो. हे उपाय घरात पाळलेल्या परदेशी सापाचे आहेत. आपली धामण, नाग, दिवड असे साप १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, ते पाळायला परवानगी नाही, जखमी असला तरी "बरा होईपर्यंत ठेवतो" असं करू नका. मागच्या पावसाळ्यात एका सोसायटीत मळ्याच्या नायलॉन जाळीत धामण अडकली होती, लोकांनी चांगल्या मनानेच ओढून काढायचा प्रयत्न केला आणि दोरा अजून आत गेला. जाळी सापाच्या बाजूने नाही, लांबून कापायची असते, कात्री आणि धीर लागतो. लांब उभे राहा आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. पाळलेल्या परदेशी सापाची पण २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाइटवर) नोंद करायची असते, कोणाची राहिली असेल तर करून घ्या.

हिरवी_गॅलरी

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि हो, नोंद झालेली आहे. पॅड काल रात्रीच बंद केला. आधी घरातलं कोविडमधलं कपाळाला धरायचं थर्मामीटर लावून बघत होतो तर "लो" नाहीतर "हाय" एवढंच येत होतं, मग कळलं ते फक्त अंगाच्या तापापुरतंच मोजतं. शेजारच्या काकांकडे फिशटँकचं वायरवालं होतं, ते आणलं, पॅड परत लावून कागदाखाली ठेवलं, मोतीला बाहेर डब्यात ठेवून. वीस मिनिटांत ४६. बघून पोटात गोळाच आला.

आज डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले वरवरचं भाजलंय, क्रीम दिलंय, १० दिवसांनी परत बोलावलंय. तोवर खायला द्यायचं नाही, तुम्ही म्हणालात तसं टिश्यूवर ठेवायचं.

एक विचारायचं होतं, कात टाकेल तेव्हा जखमेवरची सोलायला मदत करायची का?

कात_टाकली

नाही, ओढायची नाहीच. जखमी साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो, त्यानेच हळूहळू नवे खवले भरत येतात, दोन-तीन काती लागतील, डाग थोडा राहूही शकतो. जखमेपाशी कात अडकली तर ओलसर कोमट कापडावर त्याला पंधरा-वीस मिनिटं सरपटू दे, सुटली तर सुटली, नाहीतर डॉक्टर. डोळ्यावरची राहिली तर चिमट्याने हात लावायचा नाही. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं राहिलंय का तेवढं मात्र बघ, ते आवळलं तर रक्त पोचत नाही.

जाळीला आतून गुळगुळीत प्लास्टिकची शीट लाव, हवेला कडेने भोकं ठेव, आणि थंड बाजूला अंग चेपून बसेल एवढीच लपायची जागा दे, मोठी नको. पॅड थर्मोस्टॅट आल्यावरच, आणि त्याचा सेन्सर पॅडच्या पृष्ठभागावर पक्का चिकटव. सेन्सर हवेत लोंबकळला तर पॅड तापतच राहतो.

जुलैत हवेत एवढी ओल असते की टाकीत वेगळं पाणी फवारायचं नाही. टिश्यू हाताला ओला लागला तर बदल. बरं होत असलेलं पोट ओल्यावर राहिलं तर खवले कुजतात.

१० दिवसांनी काय म्हणाले ते इथे लिही.