रोजनिशी, रोजमेळ की मागोवा?

शाहूपुरीकर: घड्याळ पावलं मोजतंय, झोप मोजतंय, मोबाईल किती वेळ बघितला तेही फोन सांगतोय. या 'ट्रॅकिंग'ला मराठीत 'रोजनिशी' म्हटलं तर चालेल का?

दप्तरी: चालेल, पण अर्थ थोडा ताणावा लागेल. फारसी 'रोज' म्हणजे दिवस आणि 'नविसी' म्हणजे लेखन. पेशव्यांच्या रोजनिशीत वसुली, नेमणुका, इनामं असा कारभार असायचा. मनातलं लिहायची वही हा अर्थ मागाहून चिकटला. त्यामुळं कोरडे आकडे त्या शब्दाला परके नाहीत.

गूळबाजार: आमच्या धंद्यात 'रोजमेळ'. दिवसाची जमा-खर्च लिहायची, शिल्लक काढायची आणि पेटीतली रोकड मोजून ताडून बघायची. जुळलं नाही तर चूक सापडेपर्यंत उठायचं नाही. पावलांचा मेळ कशाशी घालणार? आमचे आप्पा रंकाळ्यावर हात पाठीमागं बांधून चालतात. मनगटावरच्या घड्याळाला ती पावलं नीट कळतच नाहीत!

शाहूपुरीकर: म्हणजे दहा हजार भरले नाहीत म्हणून आप्पा उगाच नाराज.

दप्तरी: त्या दहा हजारांचंही ऐका. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा तिथून पसरला, दवाखान्यातून नव्हे.

वहीवाली: म्हणून वह्या फेकू नका हं. आईच्या साखरेची वही मी ठेवते: उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, त्या दिवशी काय खाल्लं. 'काही गोड खाल्लं नाही' असं आई मनापासून सांगते, आणि वहीत जिलेबी असते. डॉक्टर आधी वहीच मागतात. मात्र आम्ही तिला साधं 'नोंद' म्हणतो.

तालीमवाला: तालमीत जोर-बैठका मोजतातच की. पण आकडा बघून कोण पैलवान म्हणत नाही, डाव लागतोय का ते वस्ताद बघतात. शब्द म्हणाल तर 'मागोवा' घ्या.

वहीवाली: 'मागोवा' घ्यायचा तो मागचं चाळताना. महिन्याची वही उलटली की मागोवा, रोज लिहिते ती नोंद. आणि दर तासाला घड्याळ बघणं म्हणजे स्वतःवर 'पाळत'.

शाहूपुरीकर: मग माझं पाळतच चाललंय म्हणायचं. झोपेचे आकडे तरी बंद करतो. सकाळी उठून झोप कशी झाली ते आधी फोनला विचारायलोय.

गूळबाजार: आप्पांना विचारलं. म्हणाले, 'फिरून आलो म्हण की, त्याला कशाला नवा शब्द?'