घरातल्या सगळ्यांना काटेकोरपणे पाळता येत नसेल, तर प्रबलनाचा (हव्या वर्तनाला लगेच फळ देऊन ते वाढवण्याचा) उपाय वाया जातो का?

प्रश्न (एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर)
माझा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. मोबाईल हवा असला की तो किंचाळतो आणि हाताला येईल ते फेकतो. त्याऐवजी मोबाईलचे चित्र असलेले कार्ड हातात देऊन मागायला थेरपिस्टनी त्याला शिकवले आहे. कार्ड दिले की मोबाईल लगेच द्यायचा आणि किंचाळल्यावर मुळीच द्यायचा नाही, असे ठरले आहे. परंतु आमचे घर एकत्र कुटुंबाचे आहे आणि भिंतीला भिंत लागून शेजार आहे. दुपारी सासूबाई एकट्या असतात. आवाज चढला की त्या मोबाईल देऊन टाकतात. जाऊबाई स्वयंपाकात गुंतल्या की त्याने पुढे केलेले कार्ड पाहायचे राहून जाते. अशाने उपाय फुकट जाईल का?

उत्तर (विशेष शिक्षिका, राजारामपुरी)
ताई, फुकट जाणार नाही. मात्र या दोन चुकांचे वजन सारखे नाही. कार्डाकडे एखाद्या वेळी दुर्लक्ष झाले तर नवी सवय थोडी सैल होते, पण किंचाळल्यावर मोबाईल मिळाला तर जी सवय मोडायची आहे तिलाच खतपाणी मिळते, आणि तेही कधीमधी मिळत राहिल्यामुळे ती अधिक चिवट बनते. वर्तनाचे अभ्यासक व्होल्मर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवले, की आधी उपाय पूर्णपणे पाळला गेला असेल, तर पुढे काही प्रमाणात ढिलाई होऊनही योग्य वर्तनाकडचा कल टिकू शकतो. म्हणून सुरुवातीचा काळ तुम्ही घरी असाल अशा वेळी, सुट्टीत, शक्य तितक्या काटेकोरपणे पार पाडा.

उत्तर (एक आजी, शाहूपुरी)
सासूबाईंना दोष देऊ नका. किंचाळणे थांबण्याआधी कधीकधी काही दिवस वाढते, हे त्यांना कोणी आधी सांगितलेलेच नसते, त्यामुळे उपाय बिघडला असेच त्यांना वाटते.

उत्तर (विशेष शिक्षिका)
आजींचे म्हणणे अगदी खरे आहे. सासूबाईंना द्यावाच लागला, तर किंचाळल्यावर मोबाईल थोडाच वेळ आणि उशिरा द्यावा; कार्ड दिल्यावर मात्र तत्क्षणी, जास्त वेळ आणि त्याच्या आवडीच्या गाण्यासह द्यावा. मागण्याचे पारडे असे जड राहिले, तर किंचाळण्याला अधूनमधून फळ मिळूनही मूल कार्डाकडे वळते, असे प्रयोगांत दिसले आहे. कार्डाची आणखी एक प्रत सासूबाईंच्या खुर्चीजवळ अडकवा, आणि फेकाफेकीत कोणाला इजा होण्याची भीती असेल तर हा बदल करण्याआधी थेरपिस्टना विचारा.