मदत हवी आहे : इथिओपिया-इरिट्रियाचं भांडण नेमकं कशाचं?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधात एका जागी पुरती अडकले आहे.

१९९३ मध्ये इरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इथिओपियाचा समुद्रकिनारा गेला. १९९८ ते २००० बादमे या लहानशा गावावरून युद्ध, हजारो बळी. २००२ मध्ये सीमा आयोगाने बादमे इरिट्रियाला दिलं, पण इथिओपियाने ताबा सोडला नाही. जुलै २०१८ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद इरिट्रियाची राजधानी अस्माराला गेले, दोन्ही देशांत फोन पुन्हा लागू लागले. वीस वर्षांनी आपल्या माणसाचा आवाज ऐकणाऱ्यांचं वाचताना माझे डोळे भरून आले. सप्टेंबरात झालांबेसाची सीमा उघडली, ती काही महिन्यांत पुन्हा बंद!

जानेवारी २०२४ मध्ये इथिओपियाने समुद्रासाठी सोमालियातून फुटून निघालेल्या सोमालीलँडशी करार केला. सोमालीलँडला आपलाच भाग मानणारा सोमालिया खवळला, आणि ऑक्टोबरात सोमालिया, इजिप्त, इरिट्रियाचे अध्यक्ष अस्मारात एकत्र बसले.

मला वाटतं, २०१८ची मैत्री उत्तर इथिओपियातल्या टिग्रे प्रांताच्या नेत्यांशी असलेल्या समान वैरावर उभी होती, म्हणून टिकली नाही. माझ्या सरांच्या मते मूळ बंदरातच आहे. तुम्हाला काय वाटतं? अदिस अबाबात शिकवलेलं कुणी इथे असेल तर तिथले लोक इरिट्रियाच्या असाब बंदराबद्दल काय बोलतात, तेवढं जरूर सांगा.