प्रीमियर प्रो : फेडर सोडताच संगीताची पातळी पूर्ववत होते

प्रश्न : प्रीमियर प्रो या व्हिडिओ-संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये माहितीपटातील निवेदनाखालच्या संगीताची पातळी मी ऑडिओ ट्रॅक मिक्सरमधील फेडर (पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) हलवून नोंदवते, परंतु फेडर सोडताच ती पूर्ववत होते. असे का होत असावे?

उत्तर १ : आपण फेडरच्या हालचाली नोंदवण्याची ‘टच’ पद्धत निवडलेली दिसते. तीत फेडर सोडल्यावर पातळी आधीच्या मूल्याकडे परतते, तर ‘लॅच’मध्ये प्लेबॅक थांबेपर्यंत शेवटचे मूल्य कायम राहते. नोंद झाल्यावर ‘रीड’ (नोंदलेले बदल केवळ वाचणारी पद्धत) निवडावे.

उत्तर २ : पातळी नोंदवण्याआधी संकलन पूर्ण करावे, असा माझा आग्रह आहे; कारण हे कीफ्रेम (पातळीतील बदलांच्या नोंदखुणा) क्लिपवर नव्हे, तर ट्रॅकवर नोंदले जातात आणि पुढे क्लिप सरकवल्यास ते तिच्याबरोबर सरकत नाहीत. निवेदन, संगीत व परिसरध्वनी स्वतंत्र ट्रॅकवर ठेवावेत.

प्रश्नकर्ती : ‘लॅच’ने काम झाले. मनःपूर्वक आभार.