कुस्तीच्या जागतिक संघटनेत निर्णय नेमके कोण घेते?

प्रश्न : तालमीचा पालक (विटा, जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. माझी पुतणी गेली चार वर्षे गादीवरची कुस्ती खेळते. मागच्या हंगामात तिने एका स्पर्धेत पदक मिळवले, पण पुढे निवड चाचणीच्या वेळी, ती स्पर्धा भरवणारी संघटना मान्यताप्राप्त नाही असे सांगून तिचे प्रमाणपत्र बाजूला ठेवण्यात आले. तेव्हापासून ‘मान्यता’ या शब्दाचा मी पाठपुरावा करीत आहे. जिल्हा संघटनेला राज्य संघटना मान्यता देते, राज्याला राष्ट्रीय महासंघ आणि राष्ट्रीय महासंघाला जागतिक संघटना, इथपर्यंत मला समजले. त्यापुढे मात्र चित्र धूसर होते. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय कुस्ती महासंघ निलंबित झाला, तो निर्णय कोणी घेतला? एकट्या अध्यक्षांनी, एखाद्या समितीने, की सगळ्या देशांनी मतदान करून? आमचे वस्ताद म्हणतात की सगळे अध्यक्षांच्या हातात असते. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. दुसरे असे की, जत्रेच्या मैदानात लाल मातीत होणाऱ्या आपल्या कुस्तीशी या संघटनेचा काही संबंध येतो का?

उत्तर : कृष्णाकाठ (कराड)

दादा, तुमची शंका योग्य आहे. कुस्तीची जागतिक संघटना म्हणजे युनायटेड वर्ल्ड रेसलिंग. २०१४ पर्यंत ती ‘फिला’ या नावाने ओळखली जात होती आणि तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील कोर्सिए-सुर-व्हेवे या गावी आहे. तिच्यात सर्वोच्च स्थान अध्यक्षांचे नसून काँग्रेसचे, म्हणजे सर्व सदस्य देशांच्या महासंघांच्या सर्वसाधारण सभेचे आहे. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मोठा बागायतदार असो वा दोन एकरांचा शेतकरी, प्रत्येक सभासदाला एकच मत असते. तसेच येथे प्रत्येक राष्ट्रीय महासंघाला एक मत आहे. पैलवानांच्या संख्येने भारत कितीही मोठा असला तरी सभेत त्याचे वजन एखाद्या छोट्या बेटाएवढेच. घटनेतील बदल आणि निवडणुका या सभेत होतात.

सभा काही रोज भरत नाही, म्हणून मधल्या काळातील कारभार सभेने निवडलेले संचालक मंडळ पाहते. त्याला तेथे ब्यूरो म्हणतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष त्यातच असतात. त्याशिवाय आशिया, युरोप, आफ्रिका, अमेरिका खंड आणि ओशनिया यांच्या खंडीय परिषदा आहेत. पंच, वैद्यकीय बाबी, खेळाडू अशा विषयांचे आयोगही वेगळे आहेत. सध्याचे अध्यक्ष सर्बियाचे नेनाद लालोविच हे २०१३ पासून या पदावर आहेत.

वस्तादांचे म्हणणे मात्र अगदीच निराधार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या ऑलिम्पिकच्या मुख्य खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हा त्या वेळचे अध्यक्ष राफाएल मार्टिनेट्टी यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतरच्या काही महिन्यांत लढतीचे नियम बदलले गेले, आणि महिलांना व खेळाडूंना कारभारात स्थान देण्याचे निर्णय झाले. सप्टेंबरमध्ये ब्युनोस आयर्स येथे झालेल्या ऑलिम्पिक समितीच्या मतदानात ४९ मते मिळवून कुस्ती परत आली. अध्यक्ष बदलल्याने संघटना किती बदलते, याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

उत्तर : अजिंक्यतारा (सातारा)

वरील उत्तर उत्तम आहे. निलंबनाचा मुद्दा मात्र त्यात राहून गेला आणि दादांचा मूळ प्रश्न तोच आहे. २३ ऑगस्ट २०२३ चा निर्णय सभेचाही नव्हता आणि अध्यक्षांचाही नव्हता. तो जागतिक संघटनेच्या शिस्तपालन कक्षाचा, म्हणजे शिस्तभंगाची प्रकरणे पाहणाऱ्या वेगळ्या समितीचा होता. महासंघाचा कारभार निवडून आलेल्या कार्यकारिणीऐवजी हंगामी समितीकडे होता, निवडणूक वेळेत घेण्याचा इशारा जागतिक संघटनेने आधीच दिला होता, आणि तरीही न्यायालयीन स्थगितींमुळे ती पुढे पुढे जात राहिली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक झाल्यावर, फेब्रुवारी २०२४ मध्ये निलंबन उठवले ते मात्र ब्यूरोने. त्यासाठी त्याने अटी घातल्या : खेळाडूंच्या आयोगाची निवडणूक घ्यावी, आणि ज्या पैलवानांनी महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध आंदोलन केले त्यांच्याबाबत भेदभाव होणार नाही याची लेखी हमी द्यावी. दुसरी अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण महासंघाशी भांडलेल्या खेळाडूला वरच्या पातळीवर कोणीतरी वाली आहे हे त्यातून प्रथमच स्पष्टपणे दिसले.

निलंबन महासंघाचे होते, पैलवानांचे नव्हे, हेही मुलीला अवश्य समजावून सांगा. सप्टेंबर २०२३ मध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले पैलवान तिरंग्याशिवाय, तटस्थ खेळाडू म्हणून उतरले. अंतिम पंघाल हिने तेथेच ५३ किलो गटात कांस्यपदक जिंकले आणि त्यामुळे पॅरिस ऑलिम्पिकची जागा भारताला मिळाली. त्यानंतर लगेचच झालेल्या हांगचौच्या आशियाई स्पर्धेत मात्र आपले पैलवान तिरंग्याखाली खेळले, कारण त्या स्पर्धेतील संघ भारतीय ऑलिम्पिक संघटना पाठवते आणि ती निलंबित नव्हती.

निर्णय मान्य नसेल तर लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाकडे दाद मागता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाटने याच न्यायालयाकडे दाद मागितली होती. दुसऱ्या दिवशीच्या वजनात मर्यादेपेक्षा जास्त भरल्यास पैलवान स्पर्धेतूनच बाद होतो, हा नियम जागतिक संघटनेचा; अपील मात्र ऐकले ते लवादाने, आणि फेटाळलेही लवादानेच. नियम करणारे आणि न्याय देणारे वेगळे असावेत, एवढी व्यवस्था तरी येथे आहे.

मातीबद्दल : ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल, ग्रीको-रोमन आणि महिलांची कुस्ती असे तीनच प्रकार आहेत आणि तिन्ही गादीवर होतात. जत्रेतील इनामी कुस्ती जागतिक नियमावलीच्या बाहेर आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी अशा दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. ही जोडणी आपली, महाराष्ट्राची आहे.

उत्तर : गोळेश्वरचा वाटसरू (कराड)

एक जुनी गोष्ट या चर्चेत यायलाच हवी. १९५२ मध्ये हेलसिंकीला आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ लढत झाल्यावर त्यांना जवळजवळ लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्यासमोर उभे केले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता, परंतु तो दाखवून हरकत घेण्यासाठी त्या ठिकाणी एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता, असे आमच्याकडे सांगितले जाते. थकलेले खाशाबा ती लढत हरले. नियम पुस्तकात होता, तो बोलून दाखवणारा माणूस नव्हता. म्हणून मला वाटते की काँग्रेसमधील एक मत, ब्यूरोतील एक खुर्ची, पंचांच्या आयोगातील एक नाव या गोष्टी केवळ मानाच्या नाहीत. मैदानावरच्या पोराच्या अर्ध्या तासाशी त्यांचा थेट संबंध आहे.

आणि दादा, तुमच्या पुतणीच्या प्रमाणपत्राचे मूळही येथेच आहे. जागतिक संघटना एका देशातून एकाच महासंघाला सदस्य करून घेते आणि तोच न्याय खाली राज्यापर्यंत लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव आणि पुण्याजवळील फुलगाव अशा दोन ठिकाणी दोन वेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या, त्या संघटनांमधील वादातून. अशा वेळी घाम दोन्हीकडे सारखाच गळतो, पण वरच्या निवडीसाठी कागद एकाच बाजूचा चालतो. मुलांना हे आधी कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. स्पर्धेला नाव देण्यापूर्वी, ती भरवणाऱ्या संघटनेच्या संलग्नतेचे त्या वर्षाचे पत्र मागून पाहावे. मागण्यात संकोच करू नये.

तालमीचा पालक (विटा)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. ही चर्चा आज संध्याकाळी तालमीत वस्तादांना वाचून दाखवली. शिस्तपालन कक्षाचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला, आणि खाशाबांचा उल्लेख आला तेव्हा जोर मारणारी पोरेही थांबून ऐकू लागली. पुढच्या महिन्यात पुतणीला दोन स्पर्धांची निमंत्रणे आहेत. दोन्ही आयोजकांकडे संलग्नतेचे पत्र मागितले आहे. एकाने लगेच पाठवले, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहे.